आबांचे तीन फराटे

पेण,
दि. १६ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
काळूरामचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गुजरातेतल्या रणात नेलेल्या सामानापैकी माझ्या स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा. लपण एक, म्हणजे पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून आत बसायचा तंबू. काड्या आठ जुन्या छत्र्यांच्या, कापड गोणपाटाचं, चहाच्या चोथ्यात आणि खाडीच्या चिखलात तीनदा बुडवून वाळवलेलं. ट्रायपॉडचं डोकं एक, पाऊण अश्वशक्तीच्या जळक्या मोटारीच्या बेअरिंगपासून. चिखलावरून कॅमेरा ढकलत न्यायला परात एक, बुडाला जाड प्लास्टिक चिकटवलेली. भाताच्या कोंड्याची उशी एक, लेन्स टेकवायला. कॅमेऱ्याचं आवरण एक, ताडपत्रीचं, दोऱ्याला मेण लावून शिवलेलं. बसायचं स्टूल एक, उंची नऊ इंच. विकत घेतलेलं फक्त कॅमेरा आणि लेन्स, तीही दुसऱ्याची वापरलेली.

ही यादी एवढ्यासाठी, की निघताना तू निकेतला म्हणालीस म्हणे, मामा भंगार घेऊन वाळवंटात चाललाय. तर त्याच भंगारापाशी एक मोठा ग्रूप थांबला होता. हत्तीच्या सोंडेएवढ्या लेन्स एकेकाच्या. त्यातल्या एकानं लपण कुठून मागवलं असं विचारलं. मी सांगितलं, पेणहून. त्यानं दुकानाचा नंबर मागितला. मी माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचा दिला.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू कपाटात ठेवतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. ईद झाल्यावर पाच दिवसांनी, शनिवारी पहाटे आम्ही निघालो. श्रीवर्धनचा जैनुद्दीन सोबत होता, गाडी त्याचीच. सुपारीच्या व्यापारात त्याचं गुजरातीशी रोजचं काम, त्यामुळे दुभाषाही तोच. पाटडीपासून आत वीस किलोमीटरवर रतनबेन नावाच्या बाईंच्या झोपडीशेजारी उतरलो. त्या अगरिया, म्हणजे तिकडच्या मीठ पिकवणाऱ्या. नवरा नाही, दोन मुली लग्न होऊन गेल्या. दहा खाचरं एकटी बाई सांभाळते.

ताई, ते वाळवंट पाहून मला परक्या जागी गेल्यासारखं वाटलंच नाही. वाळू नाहीच. सपाट, भेगाळलेली, पांढरी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत. मधे मिठाची खाचरं, बांध, पाण्याचे पाट. आपलं मिठागर कुणीतरी ओढून शंभर मैल लांब केलं असावं, आणि खाडी तेवढी काढून घेतली असावी. दुपारी लांबवर पाणी दिसतं, ते नसतं. रानगाढवं त्या नसलेल्या पाण्यात गुडघाभर उभी दिसतात.

आम्ही गेलो होतो हुबाऱ्यासाठी, म्हणजे माळढोकाच्या जातीतल्या पाहुण्या पक्ष्यासाठी. तो एकदाच दिसला, चारशे पावलांवर, पाठ करून. पखुर्ड्या दिसल्या, धाविक दिसला, सहा जातींचे चंडोल दिसले, त्यातले दोन मला आधी ओळखता येत नव्हते, आता येतात. पण खरी गोष्ट शेवटच्या सकाळी झाली, आणि तीही शेकाट्यानं केली. आपल्या मिठागरावर थंडीत येणारा, लाल काड्यांसारखे लांब पाय असलेला, तोच. लहानपणी आपण त्याला मोजायचो. पण त्याचं घरटं आपण कधी पाहिलं नाही. रतनबेनच्या तिसऱ्या खाचरात, पाण्यामधल्या हातभर रुंदीच्या उंचवट्यावर काटक्यांचं घरटं, चार अंडी. रात्रीत पाणी चार बोटं चढलं होतं. मादी एकेक काडी चोचीनं ओढून अंड्यांखाली सरकवत होती, घरटं उचलत होती. अंडी भिजू नयेत म्हणून ती पाण्याशी शर्यत लावत होती.

सोबतचा फोटो त्या वेळचा. सकाळी ७ वाजून ३४ मिनिटं. कडेनं काहीही कापलेलं नाही, कॅमेऱ्यात होता तसाच पूर्ण आहे. वीस वर्षं मी फोटो काढतोय. शिकवायला कुणी नव्हतं, रद्दीतली मासिकं आणि हे दोन डोळे. वीस वर्षांत एकाही फोटोखाली माझं नाव छापून आलं नाही, हे तुला ठाऊक आहे. या फोटोखाली येईल असं मला वाटतं.

आदल्या संध्याकाळी चिखलात घसरलो, कोपरापर्यंत हात भरले. लागलं काही नाही. आमच्या प्राप्तीच्या आईनं पाठवलेले पोह्याचे पापड निकेतबरोबर मिळाले असतील. भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
काळूराम

*

नागाव,
दि. २४ एप्रिल २०२५

चि. काळूरामास,
सोनूताईचे अनेक आशीर्वाद.

पापड मिळाले. दोन मोडके होते, ते मी खाल्ले, म्हणजे तुझ्या यादीत चूक नको. मशीन कपाटात नाही, ते फ्रिजवर आहे. ते घातलं की मला सगळ्यांत आधी पाहुण्यांच्या पोरांचा ओरडा ऐकू येतो. सुट्ट्या लागल्यात, चारही खोल्या भरल्यात. निकेत सकाळपासून मासे आणि बर्फ यांच्यामागे, तुझे भावोजी नारळ सोलताना बोटाला लावून बसलेत, आणि मी दिवसाला साठ घावने काढते. तरी तुझं पत्र तीनदा वाचलं.

फोटो पाहिला. आधी नुसता पाहिला. त्या पाखराच्या डोळ्यांत आईची घाई दिसते. मग दुपारी पाहुणे समुद्रावर गेल्यावर भावोजींचं भिंग घेऊन ओटीवर बसले आणि इंच इंच पाहिला, तुला आवडतं तसा. आणि काळू, मला दिसलं.

पाखराच्या मागं बांध आहे. उजव्या कडेला, थोडा धूसर. त्यात हातभर जागा ओली, ताज्या चिखलाची, आणि तिच्यावर तळहाताचे तीन आडवे फराटे. वरचा लांब, खालचे दोन आखूड. मी भिंग खाली ठेवलं. आबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्यांचा हात मला गुजरातेत दिसला.

तू घसरलो असं लिहिलंस तेव्हाच मला हसू यायला हवं होतं. आबाही घसरायचे. कुणाच्याही बांधाला खांड पडलेली दिसली, पाणी वाहून चाललेलं दिसलं, की ते थांबायचे, बुजवायचे, वरून तीन फराटे ओढायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की ही जागा नवी आहे, इथं लक्ष ठेवा. आणि घरी आल्यावर आईनं हात पाहून विचारलं की म्हणायचे, घसरलो गो. खांड बुजवणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, ही गावाची रीत. सांगितलं की उपकार होतो, आणि शेजाऱ्यावर उपकार चढवायचा नाही. आता ना मिठागर राहिलं, ना रीत. आणि माझा भाऊ सहाशे किलोमीटरवर जाऊन एका परक्या बाईची खांड बुजवून येतो, आणि बहिणीलाही सांगत नाही. मी ओटीवर बसून रडले. भावोजी म्हणाले, बोट माझं कापलंय आणि रडतेस तू.

फोटो काचेत बसवून घेतला. समोरच्या ओटीवर लावलाय. येणाऱ्याला मी आधी पाखरू दाखवते, मग फराटे.

अंड्यांचं पुढं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. चारही फुटली का? पिल्लं कशी दिसतात, तेही कळव. प्राप्तीला आणि तिच्या आईला आशीर्वाद. असाच लिहीत जा.

तुझी,
ताई

*

पेण,
दि. ३ मे २०२५

ती. सौ. ताईस,
काळूरामचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. उन्हाळ्यात पंप जळायचे दिवस, दुकानात अकरा मोटारी पडून आहेत. म्हणून थोडक्यात लिहितो.

प्राप्तीनं तो फोटो तिच्या मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. तो फिरत फिरत मुंबईच्या एका कंपनीत पोचला. कंपनी पाण्याचे पंप बनवते. तिचे पंप मी तीस वर्षं उघडतोय आणि पुन्हा गुंडाळतोय. त्यांना पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर तो फोटो हवा आहे. बारा महिने बारा फोटो नाहीत, वर्षभर एकच मोठा. खाली माझं पूर्ण नाव, काळूराम अंबाजी मोकल, पेण. त्यांच्या साहेबांनी स्वतः फोन केला. मला सर म्हणत होते. प्राप्तीच्या आईनं तो फोन स्पीकरवर दोनदा लावायला लावला असता, पण फोन तसा पुन्हा लागत नाही.

ते बारा मेपर्यंत उत्तर मागतात.

ते फराटे तू पाहुण्यांना दाखवू नकोस, ही विनंती. भिंतीवर फोटो असू दे, पण तेवढं सांगू नकोस. भावोजींच्या बोटाला हळद लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

तुझा,
काळूराम

*

नागाव,
दि. ७ मे २०२५

चि. काळूरामास आशीर्वाद.

बोट बरं आहे. कॅलेंडरचं वाचून निकेत घरभर नाचला, भावोजींनी शेजारच्या वाडीत जाऊन सांगितलं. तुझं नाव छापून येणार याचा मला किती आनंद झाला ते लिहायला मला तुझ्यासारखं येत नाही.

पण काळू, तू स्टुलाची उंची नऊ इंच म्हणून लिहितोस. चंडोल सहा जातींचे म्हणून लिहितोस. चार अंड्यांचं मी विचारलं, त्यावर एक ओळ नाही. आणि आबांच्या हाताची खूण लोकांना दाखवू नको म्हणतोस. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलाय. तुझं पोट दुखायचं तेव्हा तू आईला सांगायचास की कुत्र्याचं पोट दुखतंय.

काय झालं ते लिही. बारा तारखेच्या आधी लिही.

ताई

*

पेण,
दि. ९ मे २०२५

ती. सौ. ताईस,
काळूरामचा नमस्कार. वि. वि.

पहिल्या पत्रात मी हातानं केलेल्या वस्तूंची यादी दिली होती. तीत एक वस्तू राहिली. बांध एक. लांबी दीड हात, रुंदी वीत, वेळ वीस मिनिटं, गळती शून्य.

आता क्रमानं सांगतो. सात एप्रिलच्या संध्याकाळी दुसऱ्या सकाळची जागा बघायला मी एकटा तिसऱ्या खाचरावर गेलो. घरटं बांधापासून चार हातांवर. बांधाला तिथंच खांड होती आणि तिच्यातून पाणी संथ बाहेर चाललं होतं, खालच्या ओसाड जमिनीत जिरत होतं. मला राग आला, हे आधी कबूल करतो. महिनोन्महिने उन्हात आटवून घट्ट केलेलं खारं पाणी असं फुकट जातंय, आणि या लोकांना बांध सांभाळता येत नाही, असं माझ्या मनात आलं. खांडीच्या दोन्ही कडा सरळ होत्या. कोसळलेल्या बांधाची कड सरळ नसते, हे मला कळतं. मी ती पाहिली, आणि काम अर्धवट टाकलंय असं ठरवून मोकळा झालो. मग हात आपोआप चालले. खालचा काळा चिखल, त्यात वाळलेलं गवत, थरावर थर, टाचेनं दाबून. आबांनी पाहिलं असतं तर नाव ठेवलं नसतं. वरून तीन फराटे ओढले.

झोपडीवर आलो तर रतनबेन चहा करत होत्या. माझे हात पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. जैनुद्दीननं सांगायची गरज नव्हती, मलाही तेवढं कळलं. मी म्हणालो, घसरलो. त्या हसल्या. पाणी ओतून माझे हात धुतले. रीत पाळली गेली याचं मला समाधान वाटलं, ताई. त्या चहाची चव मला आठवते.

मी खरं बोललो असतो तर त्या त्याच पावली उठून गेल्या असत्या.

ती खांड त्यांनीच पाडली होती. शेकाट्यानं त्या खाचरात अंडी घातल्यावर, बारा दिवसांपूर्वी. वरच्या खाचरातलं पाणी रात्रंदिवस हळूहळू खाली उतरत असतं, ते भरत जाऊन घरट्याला लागू नये म्हणून फावड्यानं नीट कापून त्यांनी वाट करून दिली होती. त्यांचं त्या खाचराचं मीठ मागं पडलं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं होतं. मी ती वाट बुजवली. पाणी रात्रभर चढलं.

एवढंच असतं तर मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. चूक माणसाची होते. पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही, जैनुद्दीनलाही नाही.

पहाटे पावणेसहाला मी लपणात शिरलो. पहिला फोटो ६ वाजून ४० मिनिटांचा. मादी काड्या ओढत होती. पाणी का चढलंय याचा मी विचारही केला नाही, नुसता हरखलो होतो. उजेड चांगला आला, तेव्हा मागचा बांधही स्पष्ट यावा म्हणून मी लेन्सचा पडदा, म्हणजे उजेड आत घ्यायचं भोक, बारीक केला. आणि मादीच्या मागं मला तीन फराटे दिसले. तेव्हा ७ वाजून १९ मिनिटं झाली होती. कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ घालतो, त्यामुळे अंदाजानं बोलायची सोय नाही. एकसष्टाव्या फोटोला मला सगळं कळलं. पाणी कुणी चढवलं ते कळलं.

बांध घरट्यामागं चार हातांवरच होता. एका हातानं ती माती निघाली असती.

मी मनाशी म्हटलं, आता बाहेर पडलो तर मादी उडेल, अंडी उघडी पडतील. हे खोटं नव्हतं. पण ते कारणही नव्हतं. कारण हे की असा फोटो मला पुन्हा मिळणार नव्हता. मी बसून राहिलो. शेवटचा फोटो ७ वाजून ४१ मिनिटांचा. एकूण दोनशे चौदा. एकसष्टनंतरचे एकशे त्रेपन्न. तुझ्या ओटीवर लावलेला १३८वा आहे.

बावीस मिनिटं, ताई. तेवढ्यात पाणी आणखी अर्धं बोट चढलं. दोन अंडी तरंगली. मादीनं त्यातल्या एकाला चोचीनं परत ओढायचा प्रयत्न केला, त्याचेही फोटो आहेत. मग मी बाहेर पडलो आणि दोन्ही हातांनी बांध उकरला. तोवर रतनबेन झोपडीकडून धावत येत होत्या. त्यांनी पाणी पाहिलं, खांड पाहिली, माझे हात पाहिले. जैनुद्दीन मागून आला, त्यानं मला त्यांचं बोलणं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या:

“भाई, ती मी कापली होती.”

ओरडल्या नाहीत. उलट आम्हाला निघताना चहा दिला. जैनुद्दीननं अहमदाबादेपासून पेणपर्यंत एक टोमणा मारला नाही. तू त्याला ओळखतेस, म्हणजे काय ते समज. उरलेल्या दोन अंड्यांवर मादी तीन दिवस बसली, मग उठून गेली. हे त्यानं नंतर फोन करून विचारलं.

तू त्या फराट्यांपुढं रडलीस. म्हणून मला लिहावं लागलं. बारा तारखेला काय सांगू, ते मला सुचत नाही. माझं नाव छापून यावं असं मला अजूनही वाटतं. तेही खोटं सांगत नाही.

माया ठेव किंवा नको ठेवू, उत्तर मात्र पाठव.

काळूराम

*

नागाव,
दि. ११ मे २०२५

चि. काळूरामास,
ताईचे आशीर्वाद. माया ठेवायची की नाही ते तू मला शिकवू नको.

हे पत्र निकेत मोटरसायकलवरून घेऊन येतोय, त्याला जेवायला घाल. त्याला काही माहीत नाही.

तुझं पत्र वाचून दिवसभर कुणाच्या हाकेकडे माझं लक्ष नव्हतं. पाहुण्यांना वाटलं मला ऐकूच येत नाही. आता जे लिहिते ते नीट वाच, कारण तुला ते माहीत नाही असं मला काल पहिल्यांदा कळलं.

तुला आबांची रीत अर्धी माहीत आहे. तू आठ वर्षांचा होतास, मी सोळाची. मिठागरावर सकाळपासून त्यांच्याबरोबर मी असायचे, चिखल उचलायला. तू दुपारी भाकरी घेऊन यायचास. खांड दिसली की आबा बुजवायला धावत नसत. आधी खाली बसायचे. बिडी पेटवायचे. ती संपेपर्यंत नुसते बघायचे, पाणी येतंय कुठून, जातंय कुठं, कड ढासळलीय की फावड्यानं कापलीय. कापलेली असली तर बोट लावायचे नाहीत. मालकाला हाक मारायचे, आणि मालक घरी असेल तर मला पिटाळायचे. मी किती वेळा धावलेय त्या बांधांवरून. ढासळलेली असेल तरच बुजवायचे. नाव सांगायचं नाही ही रीत त्यानंतरची.

तू यायचास तेव्हा बिडी संपलेली असायची. तू हात तेवढे पाहिलेस. फराटे पाहिलेस. आणि तुझं कसं, एकदा पाहिलं की तुला आलं. मोटार उघडून शिकलास, कॅमेरा उघडून शिकलास, कुणाला काही विचारलं नाहीस, आणि आम्हीही कौतुक करत राहिलो की आमच्या काळूला कुणी शिकवावं लागत नाही. मीही तेच केलं. त्यातला माझा वाटा मी घेते.

पण बावीस मिनिटं आबांची नाहीत, माझीही नाहीत. ती तुझी आहेत. ती तुझ्याकडून मी घेऊ शकत नाही.

फोटो भिंतीवरून काढलेला नाही. पाखराचा त्यात काही दोष नाही. फराटे मात्र आता मी दाखवत नाही. तू ये, आणि कुणी विचारलं तर तू दाखव.

कॅलेंडरचं काय करावं ते मी सांगणार नाही. तू मोजणारा माणूस आहेस. ही मोजणी तू करून टाक.

तुझी,
ताई

*

पेण,
दि. २६ मे २०२५

ती. सौ. ताईस,
काळूरामचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

निकेत त्या दिवशी सुरमईचे चार तुकडे आणि साडेपाच भाकऱ्या जेवला. त्याला काही कळलं नाही. जाताना त्यानं लपणात शिरून पाहिलं आणि छत्रीची एक काडी वाकवली, ती मी सरळ केली.

तुझं पत्र वाचलं. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मला ती रीत येते. बिडीचं मला खरोखरच माहीत नव्हतं. मी आठवून आठवून पाहिलं. मी पोचायचो तेव्हा आबांच्या पायाशी एक थोटूक पडलेलं असायचं, एवढं आठवलं. ते मी पाहिलं होतं. का पडलेलं असतं, हे विचारलं नाही.

चौदा तारखेला श्रीवर्धनला जाऊन आलो. जैनुद्दीनला समोर बसवून सगळं सांगितलं, बावीस मिनिटांसकट. त्यानं बराच वेळ सुपाऱ्या निवडल्या. मग म्हणाला, मला वाटलंच होतं, कारण गाडीत तू एकदाही फोटो दाखवला नाहीस. त्याच्याकडून गुजरातीत एक पत्र लिहून घेतलं, रतनबेनसाठी. मी सांगत होतो, तो लिहीत होता. एके ठिकाणी त्यानं मला सौम्य करून लिहिलं असावं असं वाटलं, म्हणून ते वाक्य वाचून घेतलं, आणि खोडून नीट लिहायला लावलं. सोबत फोटो पाठवला, न कापलेला. त्यांना वाचता येत नाही, धाकट्या मुलीनं वाचून दाखवलं. परवा तिचा फोन आला. आईनं ऐकून घेतलं, म्हणाली. फोटो ठेवून घेतला. भिंतीला लावला की नाही ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. खालच्या सातव्या खाचरात शेकाट्यांची एक जोडी बसली आहे. तीच का दुसरी, ते ओळखता येत नाही, आणि मी ओळखलं असं म्हणणार नाही. तिथं रतनबेननी पुन्हा बांध कापलाय. या वेळी कापल्या जागी दोन्ही बाजूंनी काठ्या रोवून त्यांना लाल चिंधी बांधली आहे. ती कोणासाठी, ते मला कळलं.

पुढच्या चैत्रात जमलं तर जाईन. लपण नेणार नाही. त्यांचा एक बांध पाटाच्या बाजूनं खरोखरच ढासळत आलाय, तो मी पाहून ठेवलाय. त्या सांगतील तर बांधून देईन. आधी विचारीन.

येत्या रविवारी नागावला येतोय. भिंग काढून ठेव. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं तर मीच सांगेन, आधी पाखराचं आणि मग उजव्या कडेचं. प्राप्तीला सोबत आणतो, तिनंही ऐकावं. ओलं खोबरं देऊ नका म्हणून भावोजींना सांग, मागचं अजून संपलेलं नाही.

तू रागावलीस आणि तरी लिहिलंस, हे मी विसरणार नाही. असंच मला ओळखत राहा.

तुझा,
काळूराम

ता. क. कंपनीचं लिहायचं राहिलं. बारा तारखेला साहेबांचा फोन आला. मी म्हटलं, फोटो घ्या, पण खाली नावाबरोबर एक ओळ छापा, की यातलं पाणी फोटो काढणाऱ्यानं चढवलं होतं. ते म्हणाले, सर, अशी ओळ कुणी भिंतीवर लावत नाही. वर त्यांनी छापायचं ठरवलं होतं, ‘पाणी चढलं तरी आई हटत नाही’. शिवाय उजव्या कडेला चिखलाचे कसलेसे डाग दिसतात, ते कॉम्प्युटरवर पुसून घेऊ, तेवढी परवानगी द्या. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्यांनी आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हटलं. एका वर्षाच्या कॅलेंडरसाठी, माझ्या पूर्ण नावासकट, फराटे पुसून, त्यांनी शेवटी देऊ केलेली रक्कम एक लाख चाळीस हजार रुपये होती.